दोर म्हणतो, ठीक आहे

लंबूने मोपेडवरून पडून हात मोडून घेतला, तो नेमका कामाच्या आदल्या दिवशी. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि चेहरा असा की जणू हात दुसऱ्याच कुणाचा मोडलाय. वर्कशॉपच्या दारात उभा राहून तो खुशाल म्हणाला, एका हाताने जमवतो की. बेडकीने त्याला आल्या पावली घरी पिटाळलं. दोर धरायला दोन हात लागतात आणि दोन्ही धडधाकट लागतात, हे त्याला तिनेच तर शिकवलं होतं.

बेडकी हे काही तिचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. बापाने लाडाने ठेवलेलं ते नाव. पुढे बाप तुरुंगात गेला, नाव घरीच राहिलं. आणि ती पाण्याखालची कामं करायला लागल्यावर तर ते असं काही चिकटलं की जलाशयाचे इंजिनिअरसाहेबसुद्धा फोनवर बेधडक विचारायचे, बेडकीबाई आहेत का म्हणून. बोटींच्या तळाला चिकटलेलं खरवडायचं, पुलाच्या खांबांना तडे गेलेत का ते चाचपायचं, कुणाचं काय बुडालं असेल तर काढून द्यायचं, हा तिचा धंदा. माणूस बारीक, पण छाती भात्याची. आणि पाण्यात शिरायचं म्हटलं की डोळे असे चमकायचे की बघणाऱ्यालाच भीती वाटावी.

या धंद्यात एक जण खाली असतो आणि एक वर. मधे हवेची नळी आणि दोर. खाली बहुतेक वेळा स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. हेल्मेटात फोन बसवता येतो, पण तो खरखरतो, ऐन वेळी मान टाकतो. दोर मान टाकत नाही. म्हणून बोलणं दोरावरून. एक झटका म्हणजे 'ठीक आहेस ना?' दोन म्हणजे 'सैल सोड'. तीन म्हणजे 'वर ओढ'. आणि सगळ्यांचा बाप असलेला नियम असा, की आलेला झटका जसाच्या तसा परत द्यायचा. एकाला एक, तिनाला तीन. त्याशिवाय आपलं म्हणणं पोचलं की नाही हे समोरच्याला कळणार कसं?

ही भाषा बेडकी बाराखडीच्या आधी शिकली होती. तिच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली असायची आणि तिचं दुसरं टोक पलीकडच्या खोलीत, बापाच्या हातात. दिवा मालवला की एक झटका यायचा. ही मुद्दाम उत्तर द्यायची नाही. अंथरुणात तोंड दाबून हसत पडायची, आणि बाप कंटाळून उठायच्या बेताला आला की मग एक झटका. पलीकडून हसू ऐकू यायचं. आई नव्हती तिला. पण त्या सुतळीच्या बळावर ती पोरगी ढाराढूर झोपायची.

आणि त्याच बापाने दोर सोडला.

म्हणजे कोर्टाने तसं म्हटलं. बाप आणि पैलवान यांची जोडी होती. पैलवान म्हणजे काडीपैलवानच, पंजे तेवढे रुंद, पण पाण्यात एक नंबर. बेडकी त्याच्या खांद्यावर वाढलेली. एका जुन्या धक्क्याखाली पैलवान उतरला आणि बाप वर दोरावर बसला. संध्याकाळी पैलवानला बाहेर काढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा तर दुपारीच गेलाय. बापाने तोंड उघडलं ते एकाच वाक्यासाठी: तो शेवटपर्यंत उत्तर देत होता. मी विचारत होतो, तो ठीक म्हणत होता. कोर्टात कुणीतरी हसलं. त्या दिवसांत बाप पीत होता, त्या सकाळीही प्याला होता, आणि हे त्याने स्वतःच कबूल केलं. मग काय राहिलं? दोर खुंटीला बांधून हा कुठेतरी जाऊन पडला असणार, असं ठरलं. बेडकी तेव्हा शाळेत होती. मावशी तिला घेऊन गेली, वाढवलं, शिकवलं, आणि एकच गोष्ट बजावली. तुझा बाप खोटं बोलतो, आणि गोड बोलतो.

बाप सुटून आला त्याला आता वर्ष होत आलं होतं. बेडकीने त्याला वर्कशॉपमागची खोली दिली, काम दिलं. कंप्रेसर पुसायचा, नळ्या तपासायच्या, हेल्मेटची काच घासायची. दारूला तो शिवत नव्हता, हे तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. पण दोराला त्याने हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम होता, आणि त्याने कधी का म्हणून विचारलं नाही. लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. आता 'तुम्ही' म्हणायची, आणि बाबा तर म्हणायचीच नाही. जेवायला बोलवायचं झालं तर दारावर टकटक करायची.

तर लंबूचा हात मोडला, आणि काम पुढे ढकलणं शक्य नव्हतं. जलाशयातून गावाला पाणी जातं ते एका मनोऱ्यातून. त्याच्या तळाशी लोखंडी जाळी. ती गाळाने आणि फांद्यांनी इतकी तुंबली होती की नळांना नुसती बारीक धार येत होती. साहेबांनी एका दिवसापुरते पंप बंद ठेवायचं कबूल केलं होतं. इतकं मोठं काम बेडकीच्या हाताला पहिल्यांदाच येत होतं. आठवडाभर ती त्याचेच नकाशे उशाशी घेऊन झोपत होती. तिने दोन-चार जणांना फोन लावून पाहिले. कुणी रिकामं नव्हतं.

शेवटी ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाप नळीचा सांधा पुसत होता.

"उद्या दोर तुम्ही धरा," ती म्हणाली.

पुसणारा हात थांबला. बापाने नळी खाली ठेवली. मग म्हणाला, "बांधणार नाही. हातातून सोडणार नाही. तेव्हाही सोडला नव्हता."

"ते मला आत्ता ऐकायचं नाही."

"बरं," बाप म्हणाला, आणि परत नळी पुसायला लागला.

रात्री तिला धड झोप आली नाही. अर्धी कामाच्या आनंदाने उडाली, अर्धी भीतीने. जीव कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न बहुतेक माणसांना आयुष्यात एकदाही पडत नाही. तिला तो सकाळी नऊच्या आत सोडवायचा होता. सोडवला तिने. गाडीत सामान भरताना तिने दोराची गुंडाळी उचलली आणि मुकाट्याने बापाच्या मांडीवर ठेवली.

सकाळ लख्ख होती. जलाशयाचं पाणी असं स्वच्छ निळं की खाली गाळ असेल यावर विश्वास बसू नये. मनोरा काठापासून थोडा आत होता, गोल, सिमेंटचा. त्याला लागून लाकडी तराफा चारी बाजूंनी नांगरून ठेवला होता. पंपावर एक बाई होती, अंगात एकावर एक दोन स्वेटर, काखेत थर्मास. पंप बंद म्हणजे तिला सुट्टीच. पण घरी जाऊन करू काय, असं म्हणून ती तराफ्यावर स्टूल टाकून बसली आणि बसल्या बसल्या सगळ्यांना चहा पाजून मोकळी झाली. तिने बापाला विचारलं, तुम्ही या पोरीचे कोण? बापाने बेडकीकडे पाहिलं. बेडकी बुटांचे पट्टे आवळत होती. तो म्हणाला, मी दोर धरतो.

आणि काय सांगू, धरला त्याने! बेडकी पाण्यात उतरली आणि पहिल्या दहा-बारा हातांतच तिला कळलं की लंबू म्हणजे निव्वळ पोरखेळ होता. दोर ना ताणलेला, ना ढिला. ती वळली की दोर वळायचा. ती थांबली की थांबायचा. वर माणूस आहे, जागा आहे, आपल्याकडे त्याचं लक्ष आहे, हे तिला कंबरेच्या पट्ट्यातून कळत होतं. निळं पाणी हिरवं झालं, हिरवं तपकिरी झालं, आणि मग काहीच दिसेना. तिला कसली पर्वा! हातांनी चाचपत ती जाळीपाशी पोचली, फांद्या ओढून काढायला लागली, आणि हेल्मेटमध्ये चक्क गुणगुणायला लागली.

वरून एक झटका आला. ठीक आहेस ना? तिच्या हातात मोठी फांदी होती. ती आधी मोकळी केली, बाजूला लोटली, आणि मग सावकाश एक झटका दिला. लगेच परत एक झटका आला. अरे, दिलं ना उत्तर, असं म्हणत तिने पुन्हा दिला.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. अर्धी जाळी मोकळी! पंपावरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. बापाने तिचं हेल्मेट उतरवलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाला, तर, "उत्तर उशिरा देतेस. सवय गेली नाही."

"काम करू की तुम्हाला उत्तरं देत बसू?" ती म्हणाली, आणि हसली. बापाकडे बघून ती हसली याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "आणि दोनदोनदा कशाला विचारता? एकदा विचारलं की पुरे."

"एकदाच विचारलं," बाप म्हणाला.

तेवढ्यावर विषय संपला असता. पण मग बेडकीने आपलं सहज विचारलं, की तराफा सरकला होता का, कारण खाली शेवटी शेवटी दोर वरून यायचा सोडून आडवा येत होता. मनोऱ्याच्या मागच्या अंगाने, तिकडच्या अंधारातून. पंपावरची बाई म्हणाली, चार नांगर टाकलेत बाई, हा काय सरकतोय. बेडकीने पाहिलं तर खरंच, तराफा जागचा हललेला नव्हता. खाली दिशा चुकतात, त्यात विशेष काही नाही, असं म्हणून तिने पावाचा तुकडा तोंडात टाकला.

 बापाने मात्र डबा उघडलासुद्धा नाही. थोड्या वेळाने तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, की आज एवढंच करू. बाकीचं राहू दे. का, म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, पाणी बरं नाही. पाण्याला काय धाड भरलीय, तिने विचारलं. बापाने पाण्याकडे पाहिलं. एकदा खरं सांगून तो हसं करून घेऊन बसला होता. पुन्हा सांगायला त्याची जीभ रेटेना. पण बेडकीला यातलं काय माहीत? तिला दिसला तो न उघडलेला डबा आणि चुकवलेली नजर. तिच्या डोक्यात मावशीचा आवाज उठला. याला तल्लफ आली असणार. याला जायचंय कुठेतरी.

 आता उतरायचं नाही म्हटलं तर काम गेलं, शब्द गेला. उतरायचं म्हटलं तर या माणसाच्या जिवावर. तिने बापाचा हात धरून वास घेतला. उघड, त्या परक्या बाईसमोर. हाताला नुसता ओल्या दोराचा वास होता. बाप शरमेने काळाठिक्कर पडला, पण हात मागे घेतला नाही.

"दोन हात," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

"दोन हात," बाप म्हणाला.

दुसऱ्यांदा ती उतरली तेव्हा गुणगुणणं बंद होतं. तिने भराभर काम उरकायला घेतलं. फांद्या निघाल्या, चिखल निघाला, मागून कुणाची तरी बुडालेली खुर्ची निघाली. आता फक्त जाळीची एक चौकट उरली होती. गंजून वाकडी झालेली, बिजागरीवर लटकलेली. तिने पहार घालून रेटा दिला. चौकट सुटली. सुटली ती सरळ तिच्या डाव्या बुटावर येऊन बसली, आणि तिच्याखाली हवेची नळी अर्धी चेपली.

दुखलं नाही, बूट जाड होता. पण पाय निघेना. तिने वाकून रेटून पाहिलं, पहार चाचपून पाहिली. पहार कुठे गाळात गेली कोण जाणे. हवा येत होती, पण बारीक, शिट्टी वाजवत. घाबरायचं काही कारण नव्हतं. अशा वेळी वरचा माणूस ओढतो, खालचा रेटतो, आणि पाय निघतो. तिने तीन झटके दिले.

तीन झटके परत आले. स्वच्छ, एकासारखा एक.

ती वाट पाहत राहिली. ओढ आली नाही.

तिने परत तीन दिले. तीन परत आले, तिचा हात खाली येतो न येतो तोच. ओढ नाही. उलट दोर सैल पडला. तिने ताणून धरायला म्हणून खेचला, तर तो आणखी आला. खेचेल तेवढा येत राहिला. अंधारात त्याची वेटोळी तिच्या हातांवर आणि हेल्मेटवर अलगद येऊन पडायला लागली.

सोडला. याने पुन्हा सोडला.

तिला आधी रडू आलं नाही, राग आला. इतका राग की बोटं बधिर झाली होती ती पुन्हा तापली. मावशी बरोबर होती. सगळे बरोबर होते. ती एकटीच मूर्ख, आपल्या हाताने गुंडाळी त्याच्या मांडीवर ठेवणारी. हेल्मेटमध्ये ती ओरडली, बाबा. बारा वर्षांत म्हटला नव्हता तो शब्द. मग ओरडायलाही हवा पुरेना.

आणि मग तिच्या हातातल्या दोराला एक झटका बसला. ठीक आहेस ना?

तो सैल दोर होता. सैल दोराला वरून झटका देता येत नाही.

आणखी एक. ठीक आहेस ना? हळुवार, पाठीवरून हात फिरवावा तसा. तो वरून आला नव्हता. मनोऱ्याच्या मागच्या अंगाने आला होता, आणि जवळून.

बेडकीने उत्तर दिलं नाही.

आणखी एक.

तिने दोन्ही हात दोरावरून काढून छातीशी घेतले.

त्याच क्षणी दोर कडाडून ताणला गेला. सगळी वेटोळी तिच्या अंगावरून सरसरत उठली, कंबरेचा पट्टा बरगड्यांत रुतला, आणि वरून अशी ओढ बसली की तिला वाटलं आपले दोन तुकडे होतात. तिने उजव्या पायाने चौकटीला लाथ घातली. पुन्हा घातली. नळी मोकळी झाली, डावा पाय बुटातून निसटला. बूट खाली राहिला आणि ती वर निघाली.

वर येताना सबंध वेळ दोर धडधडत होता. एक, एक, एक, एक. ठीक, ठीक, ठीक, ठीक.

तपकिरी पाणी हिरवं झालं, हिरवं निळं झालं. उन्हात डोकं बाहेर आलं तेव्हा तिला दिसले बापाचे दोन हात. दोन्ही तळवे सोलून निघाले होते आणि दोर लाल झाला होता. मागे पंपावरची बाई बापाच्या कंबरेला मिठी मारून मागे रेलली होती, थर्मास आडवा, चहा सगळीकडे.

हेल्मेट निघालं तशी बेडकीने बापाच्या छातीवर गुद्दा मारला. मग दुसरा. "कुठे होतास तू? किती वेळ तीन देतेय मी! कुठे गेला होतास?"

बाप धापा टाकत होता. उत्तर पंपावरच्या बाईने दिलं, आणि भलत्याच तावात दिलं. म्हणाली, कुठे जातोय हा माणूस? तू उतरल्यापासून याची नजर दोरावरून हलली नाही. मी चहा दिला तर म्हणे, तुम्हीच पाजा, हात रिकामा नाही. मी पाजला या हाताने, लहान पोराला पाजतात तसा.

"तीन नाही आले," बाप म्हणाला. "दोन आले. सैल सोड, सैल सोड. मी सोडत गेलो. मग मी विचारलं, ठीक? लगेच उत्तर. परत विचारलं. परत लगेच. तिसऱ्यांदा तर मी विचारायच्या आधीच उत्तर." त्याने तिच्याकडे पाहिलं. "जन्मात कधी तू मला वेळेवर उत्तर दिलंयस? माझी पोरगी इतकी आज्ञाधारक कधी झाली? म्हणून ओढलं. दोर सारखा सांगत होता की सोड, ठीक आहे, ठीक आहे. मी म्हटलं, मरू दे, काय म्हणायचंय ते म्हण."

बेडकी ऐकत राहिली. 

"पैलवानचंही तसंच," बाप म्हणाला. "लगेच लगेच उत्तर देत होता. आणि मी खुळा खूश, की आज गडी फार तरतरीत आहे."

 बारा वर्षं हा माणूस एकच वाक्य सांगत होता, आणि ते वाक्य जसंच्या तसं खरं होतं. ते कोर्टाला पटलं नाही, मावशीला पटलं नाही. आणि सुतळीच्या टोकाला झोपणाऱ्या पोरीला तरी कुठे पटलं? तिने त्याचे सोललेले हात उचलले आणि स्वतःच्या गालांना लावले. आणि मग मात्र तिचा बांध फुटला. रडता रडता ती हसायला लागली, बाप हसायला लागला, आणि पंपावरची बाई दोघांकडे बघून आधी रडली आणि मग हसली. तिला यातलं निम्मंही कळलेलं नव्हतं.

काय तो आनंद! काठावरून साहेबांनी हात हलवून विचारलं, झालं का? बेडकीने एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत नाचून दाखवलं. झालं, म्हणाली, जाळी मोकळी आहे, सोडा पंप. बाईने जाऊन पंप लावला. मनोऱ्याच्या आत पाणी घुसल्याचा असा काही आवाज झाला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. गावात नळ फुरफुरले असतील, पोरं ओरडली असतील. बेडकीने बापाचे तळवे धुतले, आपल्या रुमालाच्या पट्ट्या करून बांधले, आणि सबंध वेळ तिचं तोंड सुरू होतं. आज संध्याकाळीच मावशीकडे जायचं. मग पैलवानकाकूकडे. मी सांगणार सगळं. हसले तर हसू देत, माझ्या कंबरेचा दोर होता, मला खोटं पाडून दाखवा म्हणावं. आणि तू ती मागची खोली सोड, रे, तिथे ओल आहे, वर माझ्या शेजारच्या खोलीत ये. बाप नुसता हं हं करत होता. त्याच्या तोंडावरून ऊन हलत नव्हतं.

सामान आवरायला घेतलं. बापाचे हात बांधलेले, म्हणून दोर बेडकीने गुंडाळायला घेतला. अजून त्यातून पाणी निथळत होतं, तराफ्यावर त्याचं तळं झालं होतं. ती हातावर वेढे घेत गेली. अर्ध्यावर आल्यावर तिचा हात थांबला.

तिथे दोर कोरडा होता.

तिने बोटं फिरवून पाहिली. दोन्हीकडून ओलाचिंब, आणि मधे एवढासा भाग ठणठणीत कोरडा. आणि कोमट. तिने मूठ आवळून पाहिली. बरोबर एका मुठीची जागा होती.

"बाबा," ती म्हणाली.

बाप जवळ आला. त्याने वाकून पाहिलं आणि मान हलवली, ओळखीची वस्तू दिसावी तशी. "तेव्हाही होतं," तो म्हणाला. "दाखवणार होतो. पण चौकशीवाले येईपर्यंत सगळाच दोर वाळला."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. आता माझा विश्वास आहे, असं म्हणायची गरज उरली नव्हती. ती पुढचा वेढा घ्यायला गेली, आणि पुन्हा थांबली. पहिल्या जागेला लागूनच दुसरी होती. तशीच कोरडी, पण रुंद. मोठ्या माणसाच्या मुठीएवढी.

"आणि ही?"

बापाने पट्टीतून बाहेर आलेलं बोट त्यावर टेकवलं आणि लगेच उचललं.

"तेव्हा एकच होती," तो म्हणाला.